काळ्या खिडकीतलं इंजिन पटाला कसं जोडायचं: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

कॉलेज रोड असो, सिडको असो की नाशिक रोड, बुद्धिबळाच्या क्लासला जाणारं मूल दोन-चार स्पर्धा खेळलं की घरात एक मागणी हमखास येते: "लॅपटॉपवर स्टॉकफिश टाकून द्या ना." मग फाइल उतरवली जाते, तिच्यावर डबल क्लिक होतं आणि एक काळी खिडकी उघडते. तिच्यात इंग्रजीची एक ओळ आणि लुकलुकणारा कर्सर. पट नाही, सोंगट्या नाहीत. घरातले ठरवून मोकळे होतात की फाइल खराब आहे, नाहीतर व्हायरस आला.

फाइल बहुतेक वेळा ठणठणीत असते. ती काळी खिडकी म्हणजेच इंजिन, चाली शोधणारा प्रोग्राम, आणि ते तुमच्या प्रश्नाची वाट बघत बसलेलं असतं. इंजिनला स्वतःचा पट नसतो. पट दाखवणं, सोंगट्या हलवणं, घड्याळ चालवणं, डाव जपून ठेवणं हे सगळं काम दुसऱ्या प्रोग्रामचं, म्हणजे इंटरफेसचं. दोघांमध्ये फक्त साध्या मजकुराच्या ओळी ये-जा करतात. नाशिकचा विदित गुजराथी २०२४च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्या दर्जाच्या तयारीत वापरली जाणारी इंजिनंही याच ओळींवर चालतात.

ठक्कर बाजार बसस्थानकावरची चौकशी खिडकी आठवा. आतल्या माणसाला तुम्ही कुठून आलात, मघाशी काय विचारलंत, याच्याशी देणंघेणं नसतं. दर वेळी प्रश्न पहिल्यापासून नीट विचारायचा, तो उत्तर देतो. इंजिनचंही तसंच.

या बोलण्याच्या नियमांना यूसीआय (युनिव्हर्सल चेस इंटरफेस) म्हणतात. रुडॉल्फ हुबर आणि श्रेडर या इंजिनचे लेखक स्टेफान मायर-कालेन यांनी ते २००० साली जाहीर केले. त्याआधी टिम मान यांच्या एक्सबोर्ड-विनबोर्ड या इंटरफेसची पद्धत रूढ होती. तिच्यात डाव लक्षात ठेवायची जबाबदारी इंजिनवर असते. यूसीआयमध्ये ती इंटरफेसवर टाकली आहे. आजची बहुतेक इंजिनं यूसीआयच बोलतात, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

लागणारं सामान

- ६४-बिट विंडोज किंवा लिनक्सचा लॅपटॉप, शक्यतो ८ जीबी रॅमचा.
- इंजिनची फाइल. सुरुवातीला स्टॉकफिश घ्या. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे.
- इंटरफेस: विंडोजवर अरेना, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर क्यूट चेस. दोन्ही फुकट.
- नोटपॅडसारखा साधा संपादक.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा देवनागरीत, अवतरणचिन्हांत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांनीच करायच्या. "इझरेडी", "सेटऑप्शन", "स्टार्टपॉस", "मूव्हटाइम", "बेस्टमूव्ह" हे प्रत्येकी एकच शब्द आहेत, मध्ये मोकळी जागा नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर इंजिनला काही कळणार नाही.

१. आधी प्रोसेसर बघा, मग फाइल उतरवा

स्टॉकफिशच्या संकेतस्थळावर एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात: एव्हीएक्स२, बीएमआय२, एसएसई४१-पॉपसीएनटी वगैरे. ही प्रोसेसरला कळणाऱ्या खास सूचनांची नावं आहेत. इंटेलच्या कोअर मालिकेत एव्हीएक्स२ हे २०१३च्या चौथ्या पिढीपासून आलं. त्याआधीच्या प्रोसेसरवर ती फाइल चालवली की खिडकी उघडते न उघडते तोच मिटते, आणि इंटरफेस सांगतो की इंजिन सुरू होत नाही.

एम. जी. रोडवरून जुना लॅपटॉप घेतला असेल तर इथेच पाय घसरतो. त्यातही पेंटियम आणि सेलेरॉनपासून सावध राहा. २०१३ नंतरच्याही अनेक पेंटियम-सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स२ नसतं, मग वरचं स्टिकर कितीही नवं दिसो. अशा वेळी एसएसई४१-पॉपसीएनटीची फाइल घ्या. ती थोडी हळू चालते, पण चालते. बीएमआय२ची फाइल एएमडीच्या झेन १ आणि झेन २ प्रोसेसरवर चालते खरी, पण एव्हीएक्स२पेक्षा मंद; तिच्या वाटेला जाऊ नका.

उतरवताना "सोर्स कोड" लिहिलेली झिप घेतली जाते, हीसुद्धा नेहमीची चूक. त्यात प्रोग्रामचा मजकूर असतो, चालणारी फाइल नसते.

२. फाइलला कायमची जागा द्या

झिप उघडून आतूनच फाइल चालवू नका, आधी बाहेर काढा. सी ड्राइव्हवर "एंजिन्स" असा छोट्या इंग्रजी नावाचा फोल्डर करून त्यात ठेवा. डाउनलोड्समध्ये ठेवलेली फाइल कधीतरी साफसफाईत जाते आणि इंटरफेसकडे जुना पत्ता राहतो. फोल्डरचं नाव मराठीत ठेवायचा मोह आवरा, कारण काही जुन्या इंटरफेसना असे पत्ते वाचता येत नाहीत.

लिनक्सवर फाइलला चालवण्याची परवानगी द्यावी लागते: "सीएचमॉड" ही आज्ञा, "अधिक एक्स" या खुणेसह.

३. पट जोडण्याआधी इंजिनशी हाताने बोला

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग दोन तास इंटरफेसच्या मेनूमध्ये हरवतात. इथे दहा मिनिटं द्या. इंजिन हाताने नीट बोललं तर पुढची प्रत्येक अडचण इंटरफेसमधली, हे पक्कं होतं.

विंडोजवर तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत "सीएमडी" लिहून एंटर दाबा. काळ्या खिडकीत इंजिनच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबलं की पूर्ण नाव आपोआप येतं. एंटर दाबा. इंजिन आपलं नाव सांगेल आणि गप्प बसेल.

आता "यूसीआय" लिहा. सुरुवातीला नावाची आणि लेखकांची ओळ येते, मग "ऑप्शन"ने सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळी आणि शेवटी "यूसीआयओके". इंटरफेसमध्ये सेटिंगची जी खिडकी दिसते, ती याच "ऑप्शन" ओळींतून तयार होते. चौकटीत टिक करायची की आकडा भरायचा, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, सगळं इंजिन स्वतःच सांगतं.

मग "इझरेडी" लिहा. उत्तर "रेडीओके" यायला हवं. ही हजेरी समजा. इंजिन विचारात गढलेलं असलं तरी त्याने या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. एलसी-झीरोसारखी इंजिनं न्यूरल नेटवर्कची वेगळी फाइल वाचतात, त्यांचं पहिलं "रेडीओके" उशिरा येऊ शकतं. तेव्हा अडकलं समजून खिडकी बंद करू नका.

आता डाव सांगा: "पोझिशन स्टार्टपॉस मूव्ह्ज ई२ई४ ई७ई५". म्हणजे सुरुवातीच्या मांडणीपासून या दोन चाली झाल्या. चाल लिहायची पद्धत एकच: निघालेलं घर आणि पोचलेलं घर. क्लासमध्ये शिकवलेलं "एनएफ३" इथे चालत नाही, "जी१एफ३" लिहावं लागतं. पांढऱ्याचं राजाच्या बाजूचं कॅसलिंग म्हणजे "ई१जी१", फक्त राजाची चाल. प्यादं वजीर झालं तर "ई७ई८क्यू", आणि तो क्यू लहान लिपीतला, मग प्यादं पांढरं असो वा काळं.

"मूव्ह्ज" हा शब्द विसरलात तर स्टॉकफिश चूक दाखवत नाही. निमूटपणे सुरुवातीचाच पट धरून बसतं आणि तुम्हाला वाटतं त्याला वेड लागलंय. खात्रीसाठी "डी" हे एकच अक्षर लिहून एंटर दाबा, स्टॉकफिश अक्षरांनी पट काढून दाखवतं. ही सोय यूसीआयच्या नियमांत नाही, त्यामुळे दुसऱ्या इंजिनात असेलच असं नाही.

शेवटी "गो मूव्हटाइम ५०००". पाच हजार म्हणजे मिलिसेकंद, पाच सेकंद. ओळींचा पाऊस पडेल आणि अखेरीस "बेस्टमूव्ह"ने सुरू होणारी ओळ येईल. तिच्यात इंजिनची चाल असते आणि बहुधा "पाँडर" या शब्दापुढे समोरच्याची अपेक्षित चाल. "गो इन्फिनिट" दिलंत तर "स्टॉप" म्हणेपर्यंत विचार थांबत नाही. बाहेर पडायला "क्विट".

आज्ञा एखाद्या फाइलमधून किंवा पाइपने (एका प्रोग्रामच्या ओळी थेट दुसऱ्यात सोडून) एकदम ढकलल्या की उत्तर लगेच आणि अर्धवट येतं, असा अनुभव अनेकांना येतो. कारण साधं आहे. आज्ञा संपल्या की आवक बंद होते, स्टॉकफिश त्याला "क्विट" समजतं आणि विचार अर्ध्यावर टाकून निघतं.

४. "इन्फो"ची ओळ वाचायला शिका

नमुन्याची एक ओळ घेऊ. तुमच्याकडचे आकडे वेगळे येतील.

"इन्फो डेप्थ २२ सेलडेप्थ ३० मल्टीपीव्ही १ स्कोअर सीपी ३१ नोड्स २४१०५३३ एनपीएस ८०३५११ हॅशफुल ४१२ टीबीहिट्स ० टाइम ३००० पीव्ही जी१एफ३ बी८सी६ एफ१बी५"

डेप्थ म्हणजे किती अर्ध्या चाली खोल. सेलडेप्थ म्हणजे काही फांद्यांत कुठवर पोचलं. नोड्स भागिले सेकंद म्हणजे एनपीएस, वेग. हॅशफुल हजारात मोजतात, तेव्हा ४१२ म्हणजे स्मरणाचा तक्ता ४१ टक्के भरला. पीव्हीपुढे इंजिनला पुढे काय होईल असं वाटतं ती ओळ.

घोळ होतो तो स्कोअरमध्ये. "सीपी" म्हणजे प्याद्याचा शंभरावा भाग, पण तो कायम ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने असतो. काळ्याची चाल असताना "सीपी १५०" आलं तर काळा वरचढ. पटावर मात्र बहुतेक इंटरफेस पांढऱ्याच्या बाजूने उणे दीड दाखवतात. काळी खिडकी आणि पट यांचे आकडे उलटे दिसले तर दोघंही बरोबर असतात. "स्कोअर मेट ३" म्हणजे तीन चालींत मात, अर्ध्या चालींत नव्हे; उणे तीन म्हणजे मात आपल्यावर येतेय.

एक प्याद्याची आघाडी म्हणजे जिंकलोच, असं समजू नका. १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशचा आकडा असा बसवला आहे की अधिक एक म्हणजे इंजिन-इंजिनच्या डावात जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी. तालुक्याच्या स्पर्धेत पंधरा मिनिटांचं घड्याळ लावून खेळणाऱ्या मुलाच्या डावाला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

५. आता पट जोडा

अरेनात इंजिन्सच्या मेनूमध्ये नवं इंजिन बसवायचा पर्याय आहे. फाइल दाखवा, प्रकार विचारला तर यूसीआय निवडा. क्यूट चेसमध्ये टूल्स, सेटिंग्ज, इंजिन्स या वाटेने जाऊन अधिकच्या खुणेवर क्लिक करा. प्रकार चुकून विनबोर्ड निवडला गेला तर इंटरफेस एक भाषा बोलतो, इंजिन दुसरी, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. "लोड होतंय" अडकण्याचं हे नेहमीचं कारण.

जोडल्यावर इंटरफेस तुम्ही तिसऱ्या पायरीत हाताने केलं तेच करतो. फक्त प्रत्येक चालीनंतर तो डाव पहिल्यापासून पुन्हा सांगतो. चाळिसाव्या चालीलाही सगळ्या चालींची लांबलचक "पोझिशन" ओळ जाते. हा वेडेपणा वाटेल, पण त्यामागे कारण आहे. एकच स्थिती तीनदा आली तर डाव बरोबरीत सोडवता येतो, आणि ती आधी किती वेळा आली हे फक्त चालींच्या यादीतूनच कळतं. नुसती फेन ओळ (पटावरच्या एका स्थितीचं वर्णन) दिली, तर तिच्यात पन्नास चालींच्या नियमाची मोजणी असते, पुनरावृत्तीचा इतिहास नसतो. मग जिंकत आलेल्या डावात इंजिन खुशाल तीच चाल पुन्हा खेळतं.

पट हाताने मांडताना दोन गोष्टी तपासा: चाल कोणाची आणि कॅसलिंगचे हक्क शिल्लक आहेत का. कोड्याच्या पुस्तकातून स्थिती मांडली आणि "काळ्याची चाल" करायचं राहिलं, तर इंजिन पांढऱ्यासाठी सुंदर उत्तर देतं आणि पुस्तक चुकीचं वाटायला लागतं. राजाच नसलेली किंवा अशक्य स्थिती दिली तर इंजिन कोसळू शकतं, कारण स्थिती वैध आहे हे ते गृहीत धरतं.

मोबाइलवर यातलं काही करावं लागत नाही. ड्रॉइडफिश या अँड्रॉइड ॲपमध्ये स्टॉकफिश आधीच आत आहे.

६. थ्रेड्स, हॅश आणि बाकीचे खटके

स्टॉकफिश सुरुवातीला १ थ्रेड (विचाराचा धागा) आणि १६ एमबी हॅशवर (स्मरणाच्या तक्त्यावर) चालतं. विश्लेषणासाठी हे कमी आहे. चार कोअरच्या लॅपटॉपवर थ्रेड्स ३ ठेवा, एक कोअर बाकीच्या कामांना राहू द्या. हॅश ८ जीबीच्या मशीनवर १०२४ एमबी पुरे. आधी थ्रेड्स, मग हॅश, असा क्रम ठेवा. हॅश रॅमपेक्षा मोठी मागितली तर इंजिन जागा मिळाली नाही असं सांगून बंद पडतं, पण तो निरोप इंटरफेस दाखवेलच असं नाही. तुम्हाला फक्त "इंजिन बंद झालं" एवढं दिसतं.

दोन इंजिनांचा सामना लावला तर सगळं दुप्पट लागतं, हे विसरू नका. आणि एप्रिल-मेच्या दुपारी, पंख्याखाली गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा एनपीएस दहा मिनिटांत घसरताना दिसेल. तो तापून स्वतःचा वेग कमी करतो. त्यात इंजिनचा दोष नाही. खाली टणक पाट ठेवा.

मुलाला इंजिनशी खेळू द्यायचं असेल तर ताकद कमी करायला दोन खटके लागतात: "यूसीआय लिमिटस्ट्रेंग्थ"वर टिक करा आणि "यूसीआय एलो"मध्ये हव्या त्या रेटिंगचा आकडा भरा. नुसता आकडा भरून काही होत नाही. स्टॉकफिशमध्ये तो १३२०च्या खाली जात नाही. डाव झाल्यावर विश्लेषणाआधी खटका काढा, नाहीतर मुद्दाम कमजोर केलेल्या इंजिनचा सल्ला तुम्ही वहीत उतरवत बसाल.

"मल्टीपीव्ही" ३ केलं तर तीन पर्याय दिसतात, पण तेवढ्याच वेळात खोली कमी मिळते. अंत्यपर्वाचे सिझिजी तक्ते (मोजक्या सोंगट्या उरल्यावरची अचूक उत्तरं साठवलेल्या फाइली) पाच सोंगट्यांपर्यंतचे साधारण १ जीबीत बसतात. सहा सोंगट्यांचे दीडशे जीबीच्या आसपास जातात, घरगुती लॅपटॉपला ते नकोत. "सिझिजीपाथ"मध्ये फाइल नाही, फोल्डर द्यायचा.

७. घड्याळ

घड्याळ इंटरफेसकडे असतं. तो दर चालीला दोघांचा उरलेला वेळ मिलिसेकंदात कळवतो. १५ मिनिटं अधिक १० सेकंदांच्या डावात पहिली ओळ अशी जाते: "गो डब्ल्यूटाइम ९००००० बीटाइम ९००००० डब्ल्यूइंक १०००० बीइंक १००००". किती वेळ खर्च करायचा हे इंजिन ठरवतं. ते वेळेवर हरत असेल तर "मूव्ह ओव्हरहेड" (निरोप पोचायच्या उशिरासाठी राखलेला वेळ) वाढवा. स्टॉकफिशमध्ये तो १० मिलिसेकंद असतो, मंद मशीनवर १०० करून बघा.

८. अडलं तर बोलणं नोंदवा

अंदाज बांधण्यापेक्षा दोघांमध्ये काय बोलणं झालं ते वाचा. स्टॉकफिशच्या सेटिंगमध्ये "डीबग लॉग फाइल" नावाची जागा आहे, तिथे फाइलचं नाव भरा. आत जाणाऱ्या ओळींपुढे उजवीकडे वळलेले दोन बाण, बाहेर येणाऱ्यांपुढे डावीकडे वळलेले. क्यूट चेसमध्येही इंजिनचं बोलणं दाखवणारी खिडकी आहे.

नोंदीत "यूसीआय" गेलं आणि उत्तर नाही: इंजिनचा प्रकार चुकला किंवा फाइल चुकीची. "यूसीआयओके" आलं पण "रेडीओके" नाही: हॅश, तक्ते किंवा नेटवर्कच्या फाइलचा पत्ता तपासा. "गो" गेलं, "इन्फो" येतंय, पण "बेस्टमूव्ह" नाही: "इन्फिनिट" दिलेलं असेल. "बेस्टमूव्ह"पुढे "नन" आलं तर घाबरू नका, मात किंवा कोंडी झाली आहे, खेळायला चालच उरलेली नाही. फाइलच तयार झाली नाही तर इंजिन सुरूच झालेलं नाही. पहिल्या पायरीवर परत या आणि अँटिव्हायरसने फाइल उचलली नाही ना, तेही बघा. काम झाल्यावर नोंद बंद करा, ती फाइल भराभर फुगते.

९. स्वतःचं इंजिन लिहिताय?

अभियांत्रिकीच्या प्रकल्पात पायथॉनमध्ये छोटं इंजिन लिहिणारे हमखास एकाच ठिकाणी अडकतात. काळ्या खिडकीत इंजिन झकास बोलतं, इंटरफेसला जोडलं की मुकं होतं. कारण बफर. खिडकीत प्रत्येक ओळ लगेच दिसते, पण पाइपमधून बोलताना प्रोग्राम ओळी साठवून ठेवतो आणि बफर भरल्यावरच सोडतो. प्रत्येक ओळीनंतर "फ्लश" करा. पायथॉनच्या "प्रिंट"मध्ये फ्लशचा पर्याय खरा ठेवला की झालं.

दुसरी अडचण "स्टॉप"ची. विचार आणि वाचन एकाच धाग्यात ठेवलं तर विचार संपेपर्यंत इंजिनला "स्टॉप" ऐकूच येत नाही. आज्ञा वाचायला वेगळा थ्रेड हवा. न कळलेली आज्ञा आली तर दुर्लक्ष करायचं, बंद पडायचं नाही.

चालींची निर्मिती बरोबर आहे का हे मोजून बघा. सुरुवातीच्या मांडणीतून एका अर्ध्या चालीत २० शक्यता, दोनात ४००, तीनात ८९०२, चारात १९७२८१, पाचात ४८६५६०९. तुमचा आकडा पाचव्या पातळीवर चुकला तर स्टॉकफिशला "गो परफ्ट ५" सांगा. ते पहिल्या प्रत्येक चालीचा आकडा वेगळा देतं. जुळत नसलेली चाल पकडा, ती खेळून एक पातळी खाली जा, पुन्हा तुलना करा. असं चार वेळा केलं की चुकलेल्या चालीवरच बोट येतं, आणि बहुधा ती वाटेतल्या प्याद्याची मार (एन पासां) असते.